पाह्यजे का नको, तेवढं सांग

उरकुडाजींनी कोणाचं अभिनंदन केलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या तांदळाच्या वेबसाइटवर दर शनिवारी सोडत निघायची, एकाला पाच किलो तांदूळ फुकट मिळायचा आणि ही बातमी त्या माणसाला फोनवर सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. फोन ते दोन बोटांत धरायचे, कोणीतरी उष्टा कप हातात दिल्यासारखा. पलीकडून "हॅलो" आलं की म्हणायचे, "मुर्रीचा उरकुडा बोलून राहिलो. तुले पाच किलो तांदूर लागले. पाह्यजे का नको, तेवढं सांग. मले वेळ नाही."

वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत मुलगा पाहायचा, आणि घरात सुनेला त्यांचं बोलणं ऐकून घ्यायची सवय झाली असली तरी हौस नव्हती. उंच, काटक, खांद्यावर दुपट्टा, तोंडात तंबाखू. तुच्छ लेखण्यात त्यांनी कधी भेदभाव केला नाही. मतं मागायला दारात आलेला पुढारी असो, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज असो की माझा चहा, सगळ्यांकडे ते सारख्याच नजरेनं पाहायचे. माझ्या चहाला पहिल्या दिवशी म्हणाले, "पानी बरं तापवलं." मलाही माणसं फारशी आवडत नाहीत, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

माझं माहेर गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातलं, भावाची धानाची शेती. मी लग्न होऊन कुडव्याला आले. नवरा रेल्वेत. भावाच्या शेतातला सुवासिक तांदूळ व्यापारी मातीमोल घेऊन जातो आणि तोच शहरात कुठल्याशा भपकेबाज नावानं विकला जातो, हे पाहून माझं डोकं फिरायचं. म्हणून एक लहानशी वेबसाइट काढली. शेताचे फोटो टाकले, भावाचा फोटो टाकला, तांदूळ कसा कांडला जातो ते लिहिलं. लोक साइटवर यायचे, सगळं पाहायचे आणि निघून जायचे. कापडाच्या दुकानात दहा थान उलगडायला लावून "येते हं" म्हणत जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या निदान दुकानदाराकडे बघून हसतात तरी.

मग माझा धाकटा दीर प्रणय मदतीला आला. प्रणय नागपूरला राहतो आणि लोकांना धंदा कसा वाढवावा याचे सल्ले देतो. त्याचा स्वतःचा धंदा सल्ले देण्याचा, त्यामुळे तो कधी बुडत नाही. तो म्हणाला, "वहिनी, आधी लोकांचा विश्वास कमवा. छोटासा गिव्हअवे ठेवा. दर आठवड्याला एक विजेता. लोक परत परत साइटवर येतील." कल्पना वाईट नव्हती. पण त्याने जो फॉर्म बनवला त्यात नाव, गाव, फोन याशिवाय जन्मतारीख होती, लग्नाचा वाढदिवस होता आणि तीन मित्रांचे नंबर होते. पाच किलो तांदळासाठी एवढी माहिती तर सोयरीक जुळवतानाही कोणी विचारत नाही.

पहिल्या शनिवारी कॉम्प्युटरने नागपूरच्या एका बाईंचं नाव काढलं. मी घसा साफ करून, माझ्याकडे होता नव्हता तेवढा गोडवा आणून म्हणाले, "नमस्कार! हार्दिक अभिनंदन! आपण आमच्या विजेत्या ठरला आहात." त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, आवाजावरून चांगल्या घरच्या वाटता. लाज नाही वाटत?" आणि फोन ठेवला. पुढच्या वेळी गोंदियातलेच एक कापड व्यापारी निघाले. "मॅडम, ओटीपी नहीं दूंगा." मी म्हटलं, ओटीपी नकोच आहे. ते म्हणाले, "अच्छा, ये नया तरीका है." तिसऱ्याने फोन पोलिसातल्या भाच्याकडे दिला आणि त्या भाच्याने माझाच पत्ता लिहून घेतला.

आजकाल "आपण जिंकलात" हे वाक्य फक्त चोर बोलतात, हे माझ्या लक्षात यायला असे तीन शनिवार जावे लागले. बक्षिसाच्या पिशव्या स्वयंपाकघरात पडून राहिल्या आणि शेवटी आम्हीच रांधून खाल्ल्या. साइटवर खाली लोक लिहायला लागले, "आज तक किसी को मिला है क्या?" कोणालाच मिळालं नव्हतं, त्यामुळे उत्तर तरी काय देणार? जी साइट मी विश्वास बसावा म्हणून चालवत होते, तिच्यावरचा असेल नसेल तेवढा विश्वास मी माझ्याच तोंडाने उडवत होते. भावाचा सगळा हंगाम माझ्या भरवशावर कोठारात पडून होता.

अशा एका शनिवारी भावाची गाडी तांदळाची पोती घेऊन आली आणि गाडीत पुढे उरकुडाजी बसले होते. गोरेगावहून मुर्रीला परत जायला त्यांना फुकटात गाडी मिळाली होती, आणि गाडीवाला कसा चालवतो यावर त्यांनी वाटभर त्याचे वाभाडे काढले होते. लहानपणापासून मी त्यांना ओळखत होते. आमच्याकडे शंकरपट भरायचा, बैलजोड्यांची शर्यत. शेवटच्या रेषेवर लाल झेंडी घेऊन उभा राहणारा पंच म्हणजे उरकुडाजी. झेंडी वर गेली की ती धाव बाद. आम्ही पोरं बैलांना भ्यायचो नाही तेवढी त्यांना भ्यायचो. पोती उतरत होती तोवर ते ओसरीत चहा पीत बसले आणि मी आत त्या दिवशीच्या विजेत्याला, तिरोड्याच्या एका माणसाला, फोन लावला. नमस्कार, अभिनंदन, आपण. फोन कट.

"कोनाले इतकं गोड बोलून राहिली व?" बाहेरून आवाज आला.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"फुकट देऊन राहिली, आनि वरून हात जोडून राहिली? मंग त्याले संशय येईन नाही तं काय? चोट्टाच इतकं गोड बोलते, पोरी. दे इकडे तो फोन."

मी परत नंबर लावून दिला.

"मुर्रीचा उरकुडा बोलून राहिलो. तुले पाच किलो तांदूर लागले."

"कोन? कायचे तांदूर?"

"तूच नाव टाकलं ना गा, फुकटच्या लालचेनं? आता इचारते कायचे! पाह्यजे का नको, तेवढं सांग. मले वेळ नाही."

पलीकडून दबकत प्रश्न आला, "काकाजी, ओटीपी लागते का?"

"मले त्यातलं काही समजत नाही. तुह्या घरी भात रांधाले गंज आहे का? असंन तं पत्ता सांग. नसंन तं फोन ठेव."

त्याने पत्ता सांगितला. पिनकोडसकट सांगितला. पिशवी मिळाल्यावर त्या माणसाने स्वतःहून मला फोन केला. "ताई, फसवणाऱ्याले गिऱ्हाईक पाह्यजे असते," तो म्हणाला. "त्या बुढ्याले मी नकोच होतो. म्हनून म्हटलं, हे खरं असंन."

दुसऱ्याच दिवशी मी मुर्रीला जाऊन उरकुडाजींना विचारलं, दर शनिवारी येता का. त्यांनी आधी माझ्या धंद्याची, मग माझ्या भावाच्या शेतीची, मग एकंदर फुकट्या दुनियेची शोभा केली आणि हो म्हणाले. त्याबदल्यात काय घ्याल, असं विचारलं तर भडकलेच. मी म्हटलं, पैसे नको तर निदान घरी खायला तांदूळ न्या.

"तुह्या तांदुराचा भात मी खात नाही."

"का, काकाजी?"

"खाल्ला तं मंग त्याचं वाईट कसं बोलीन?"

पटाच्या दिवसांतही त्यांचा हा नेम होता. ज्या गावात पंच म्हणून जायचे त्या गावचं पाणी प्यायचे, पण जेवायचे नाहीत. भाकरी घरून बांधून न्यायचे. एकदा एका बड्या मालकाची जोडी इशारा व्हायच्या आधीच सुटली आणि यांनी झेंडी वर केली. मालक चार माणसं घेऊन अंगावर आला. झेंडी खाली कर म्हणाला. हे म्हणाले, "झेंडी खाली करतो, पन तुहे बैल मांगंच राहतीन." गोष्ट सांगून झाली की तंबाखू थुंकून ते पुढे म्हणायचे, "बैलाले मालूम होतं आपलं चुकलं म्हनून. मान खाली घालून उभा होता बिचारा. मालकालेच मालूम नव्हतं." एवढ्या वर्षांत कोणा प्राण्याबद्दल ते बरं बोलले असतील तर तो हा बैल.

कामावर आल्याबरोबर त्यांनी प्रणयचा फॉर्म मागवला आणि मला वाचून दाखवायला लावला. "जन्मतारीख कायले? बारसं करून राहिला का?" मित्रांचे नंबर ऐकून म्हणाले, "आनि सोयऱ्यायची नावं नाही मांगितली? राहून गेली वाटते." फॉर्मवर नाव, गाव आणि फोन एवढंच राहिलं. नंबर सोडतीपुरताच वापरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचा, हेही त्यांनीच ठरवलं. कॉम्प्युटरने नाव काढायचं नाही. "त्याच्या पोटात काय चाललं ते कोनाले दिसते?" म्हणून मी सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या करायचे, त्या भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकायचे आणि ते मोबाइलसमोर, साइटवर लाइव्ह, सगळ्यांना दिसेल असा हात घालून एक काढायचे. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या असायच्या. प्रणय म्हणाला, हे फार गावठी दिसतं. उरकुडाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हा पोरगा काय काम करते?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी सुरू केली ती प्रणयला अजिबात पटली नाही. विजेता जाहीर झाला की ते उरलेल्यांकडे वळायचे. "बाकीच्यायले काही लागलं नाही. कोनी आस लावून बसू नका. घरी जा." दर आठवड्याला नाव टाकणारे काही ठरलेले लोक होते, त्यांना ते नावानिशी झापायचे. गोरेगावच्या आठवडी बाजारात मिरच्या विकणारी एक सत्यफुलाबाई होती. तिची मुलगी तिच्या नावाने न चुकता नाव भरायची. हे म्हणायचे, "गोरेगावची सत्यफुला, तुले याही खेपेले नाही लागलं. मिरच्या इक." खाली लगेच मुलीच्या हातून सत्यफुलाबाईचं उत्तर यायचं, "बुढ्याले म्हना, तुह्या तांदुरावाचून मी काही उपाशी नाही." आणि पुढच्या शनिवारी परत नाव.

लोक ऐकायला यायला लागले. तांदळासाठी नव्हे, शिव्यांसाठी. पुण्याच्या एका गृहस्थांनी जिंकल्यावर अगदी तोलून विचारलं, "आजोबा, ही योजना विश्वासार्ह आहे ना?" उत्तर मिळालं, "पिशवी दारात आली का पाह्य. नाही आली तं शिव्या दे. मीच देऊन राहिलो आतापासून, तूही दे." एक बाई फोनवर रडायलाच लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागलं म्हणाल्या. उरकुडाजी क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "रडाले काय झालं? पाच किलोच आहे." पण फोन ठेवला हळूच, हे मी पाहिलं.

ज्यांना बक्षीस मिळालं त्यांचं मत साइटवर टाकायचं, बरं असो की वाईट, हाही त्यांचाच दंडक. नागपूरच्या एकाने लिहिलं की तांदूळ जुना नव्हता आणि भात चिकट झाला. प्रणय म्हणाला, हे वगळू. उरकुडाजी म्हणाले, "भात गिचका झाला तं झाला. झाकून ठेवलं तं मोकळा होईन का?" मी टाकलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर वाढल्या. वाईट लिहिलेलं दिसलं की लोकांना बाकीचं खरं वाटतं, हे नागपूरच्या सल्लागाराला माहीत नव्हतं. आता तो हे इतरांना सल्ला म्हणून देतो.

मधली काही वर्षं पट बंद होते. ते परत सुरू झाले तेव्हा शेवटच्या रेषेवर सेकंद मोजायचं यंत्र आलेलं होतं. उरकुडाजी एकदा पाहायला गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, यंत्र चुकतं का? ते म्हणाले, "चुकत नाही. पन हारल्यावर लोकायनं शिव्या कोनाले द्याच्या? पंच कायले असते, पोरी? शिव्या खायले. तो उभा असते, भागून जात नाही, म्हनून लोक घरी जाऊन गुमान झोपते." एवढं बोलून त्यांनी चहाला नावं ठेवली. ती लाल झेंडी मात्र ते अजून कापडी पिशवीत बाळगायचे. एकदा मी तिला हात लावला तर म्हणाले, "ते फडकं नाही."

मंडईच्या दिवसांत आम्ही मोठी सोडत जाहीर केली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, घरोघर नवा तांदूळ असतो. यंदा पाच किलो नाही, अख्खं पोतं. नावांचा पाऊस पडला. मी धानाच्या चुरणीसाठी, म्हणजे मळणीसाठी, माहेरी गेले आणि तिथेच निरोप आला की उरकुडाजींना लकव्याचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तोवर जीव वाचला होता, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि वाचा गेली होती. मी प्रणयला फोन करून सांगितलं, सोडत पुढे ढकल. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही काळजी नका करू. मी बघतो." ही माणसं जेव्हा असं म्हणतात तेव्हा खरी काळजी सुरू होते.

त्याने बघितलं ते असं. उरकुडाजींच्या जुन्या व्हिडिओंवरून त्याने कॉम्प्युटरकडून त्यांचा आवाज तयार करून घेतला. कॉम्प्युटरनेच नाव काढलं. नाव निघालं गोरेगावच्या सत्यफुलाबाईचं. आणि लाइव्ह सुरू असताना, सगळे ऐकत असताना, तो आवाज तिला फोनवर म्हणाला, "नमस्कार ताई! हार्दिक अभिनंदन! मी आपला लाडका उरकुडा काका बोलत आहे."

सत्यफुलाबाई सगळ्यांसमोर विचारती झाली, "कोन बोलून राहिलं?"

"मी आपला उरकुडा काका, ताई. आपण एक पोतं तांदूळ जिंकलात!"

"आवाज बुढ्याचाच आहे," ती म्हणाली. "पन त्यानं आजवर कोनाले ताई म्हटलं का? बुढा मेला का? खरं सांगा. मेला असंन तं मेला म्हना. असा त्याचा आवाज काढून कायले फसवून राहिले लोकायले? नको मले तुमचं पोतं." आणि तिने फोन ठेवला. इतके शनिवार जिची वाट पाहिली ते अख्खं पोतं हातात आलेलं असताना ठेवला.

तासाभरात साइटवर नुसता शिमगा झाला. "आवाज असली, आदमी नकली." "म्हणजे आधीचेही विजेते खोटेच." "फ्रॉड." तिरोड्याच्या त्या पहिल्या माणसाने लिहिलं, "मले मिळाले होते, पन आता मलेच शंका येऊन राहिली." हे वाचून मी प्रणयला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, टेक्नॉलॉजी पर्फेक्ट होती. फक्त स्क्रिप्ट थोडी जास्त पॉझिटिव्ह झाली." मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले, त्यातले काही माझ्या लग्नातही होते, पण आपल्या मूर्खपणाला इतकं चांगलं नाव देणारा हा पहिलाच.

मिळेल ती एसटी पकडून मी परत आले आणि आधी मुर्रीला गेले. माफी कशी मागायची ते वाटेत ठरवत होते. उरकुडाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांच्या सुनेने मला दारातच सांगितलं, "आयकलं त्यायनं. शेजारच्या पोरीनं मोबाइलवर लावलं. तवापासून जेवले नाही." मी समोर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका बाजूचं तोंड हलत नव्हतं, पण तुच्छतेला त्यांना अर्धा चेहराही पुरला. मग उजव्या हाताने खाटेखालची कापडी पिशवी दाखवली.

दुसऱ्या दिवशी मुला-सुनेने त्यांना ऑटोने कुडव्याला आणलं. मी लाइव्ह सुरू केलं. लोक शिव्या द्यायलाच जमले होते. मी काही बोलायच्या आत उरकुडाजींनी पिशवीतून लाल झेंडी काढली आणि हात वर केला. मुलगा हात धरायला पुढे झाला तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. झेंडी बराच वेळ वर होती. आमच्या भागात ती पाहिलेले लोक म्हातारे झालेत, पण अर्थ सगळ्यांना कळला. ती धाव बाद होती.

मी सगळं सांगून टाकलं, त्यांना काय झालंय ते आणि तो आवाज कोणी बनवला तेही. मग चिठ्ठ्या गंजात टाकल्या. सत्यफुलाबाईची चिठ्ठी मी टाकताना दाखवली. उरकुडाजींनी सुनेकडून बाही वर करून घेतली, हात घातला आणि एक चिठ्ठी काढली.

मी मनातल्या मनात काय म्हणत होते ते सांगायलाच हवं का? गोरेगाव, गोरेगाव, गोरेगाव.

चिठ्ठी देवरीच्या एका माणसाची निघाली.

मी नंबर लावून फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. "हॅलो" आलं. उरकुडाजींनी तोंड उघडलं. "मु... मु..." एवढंच आलं, आणि घशातून एक ओढल्यासारखा आवाज. परत "मु..." त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. मला वाटलं फोन काढून घ्यावा. काढून घेतला असता तर त्यांनी मला जन्मात क्षमा केली नसती.

पलीकडचा माणूस म्हणाला, "मुर्रीचे उरकुडाजी बोलून राहिले. समजलं मले. पोतं लागलं, तेही समजलं." मग म्हणाला, "पाह्यजे. आता ठेवा फोन. मले वेळ नाही."

उरकुडाजींच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी रडले आणि रडले हे सांगायला मला लाज वाटत नाही. खाली सत्यफुलाबाईचं आलं, "झेंडी बरोबर आहे. पोतं माहं गेलं ते गेलं."

संध्याकाळी प्रणयचा फोन आला. आजवर आपला एवढा व्हिडिओ कोणी पाहिला नव्हता म्हणाला, आणि माझं अभिनंदन केलं. मी त्याच्याशी त्यानंतर फक्त सणावारी बोलते.

संक्रांतीच्या आधी उरकुडाजी गेले. तेरवीला त्यांच्या मुलाने आमच्याकडूनच तांदूळ नेला, पूर्ण भाव देऊन, कारण बापाने शिकवलेलं तसंच होतं. ज्या घरात माझ्या तांदळाचा एक दाणा कधी शिजला नव्हता तिथे त्या दिवशी मोठमोठे गंज चुलीवर चढले. पंगतीत माझ्या शेजारी एक ठेंगणी, काळीसावळी बाई येऊन बसली. हाताला मिरच्यांचा वास. गोरेगावहून एसटीने आली होती. ना नात्याची, ना गावची. "सत्यफुला," एवढंच म्हणाली.

भात वाढला. तिने पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "गिचका झाला व भात."

वाढपी थांबला. उरकुडाजींची सून चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं.

"बरं झालं," सत्यफुलाबाई पुढचा घास घेत म्हणाली, "पोतं मले नाही लागलं."

तिने पानातला सगळा भात संपवला आणि परत मागून घेतला. घरी आल्यावर मी ते साइटवर टाकलं, एक अक्षरही न बदलता, गोरेगावच्या सत्यफुलाबाईंचं मत म्हणून. मग शनिवारच्या सोडतीच्या चिठ्ठ्यांसाठी कागद फाडायला बसले.